करंज लावायचा, पण कुठल्या झाडाचा?

बायोडिझेलसाठी करंज लावायचाय, रोपं कुठे मिळतील, असं दर पावसाळ्याच्या तोंडावर कुणी ना कुणी विचारतं. रोपं कुठेही मिळतात. पण ती कुठल्या झाडाच्या बियांची, त्या झाडाला कुठल्या वर्षी किती बी लागलं, त्यात तेल किती निघालं, हे रोपवाटिकेत कुणालाच सांगता येत नसेल, तर आपण लावतो ते नुसतं झाड, वाण नव्हे. सावलीसाठी उत्तम. तेलासाठी निव्वळ जुगार.

मोगली एरंडाचं, म्हणजे जत्रोफाचं, असंच झालं. 2003 साली नियोजन आयोगाच्या समितीने डिझेलमध्ये 20 टक्के मिश्रणाचा बेत मांडला आणि त्यासाठी सुमारे 112 लाख हेक्टरचा हिशेब केला. 2009 च्या जैवइंधन धोरणात हे 20 टक्के 2017 पर्यंत गाठायचं ठरलं. 2018 च्या धोरणात आकडा 5 टक्क्यांवर उतरला आणि मुदत 2030 वर गेली. मधल्या काळात माळरानं आणि बांध जत्रोफाने भरले, पण बहुतेक ठिकाणी बी वेचायच्या मजुरीलाही उत्पन्न पुरलं नाही. पडीक जमीन चालते, पाणी नको, खत नको, जनावर तोंड लावत नाही, या चार गोष्टींवर सगळी भिस्त होती. चारही गोष्टी झाड जगण्याबद्दलच्या आहेत. बी किती येईल याबद्दल त्यात अवाक्षर नाही.

जत्रोफा मुळात मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. तिथून जगभर गेला तो फार थोड्या बियांवर, त्यामुळे आशिया-आफ्रिकेतली झाडं जवळजवळ एकाच घरातली. ठिकठिकाणचे ‘उत्कृष्ट’ म्हणून गोळा केलेले नमुने डीएनए मार्करने (आनुवंशिक खुणांनी) तपासले तेव्हा ते एकमेकांच्या फारच जवळचे निघाले. शेतात दिसलेला फरक बव्हंशी मातीचा, ओलीचा आणि छाटणीचा होता. निवडीला फरक लागतो आणि तो पुढच्या पिढीत उतरणारा लागतो. ओढ्याकाठच्या झाडाला चौपट बी लागलं म्हणून त्याचं बी माळावर नेलं, तर ओढा काही सोबत येत नाही.

तरीही पैदासकाराला जत्रोफा हाताळायला सोपा, हे कबूल करायला हवं. वर्ष-दीड वर्षात फुलतो आणि एकाच फुलोऱ्यात नर-मादी फुलं वेगवेगळी असतात. मादी कळी जाड, फांदीच्या टोकाला, ठसठशीत हिरव्या निदलांची. नर कळ्या बारीक आणि भरपूर, एका मादी फुलामागे वीस-तीस. फुलोरा उमलण्याआधी नर कळ्या चिमट्याने काढायच्या, पिशवी घालायची, मादी फूल उमललं की सकाळी दुसऱ्या झाडावरच्या, पिशवीतच उमललेल्या ताज्या नर फुलाचा पराग लावायचा आणि पिशवी पुन्हा बांधायची. चूक होते ती बहुधा एखादी नर कळी नजरेतून सुटल्याने. दोन दिवसांनी ती आतच उमलते आणि संकर म्हणून नोंदलेलं बी स्वपरागीभवनाचं निघतं. म्हणून पिशवी पहिले तीन-चार दिवस रोज उघडून पाहायची.

अडचण पुढे आहे. आपल्याकडच्या दोन झाडांचा संकर केला तरी दोन्ही बाजूंना जवळपास तेच सामान. त्यावर दोन वाटा निघाल्या. एक, मेक्सिकोतलं मूळ साहित्य आणायचं. तिथल्या काही भागांत बिया भाजून खाल्ल्या जातात, इतकं त्यांत फोरबॉल एस्टर हे विषारी द्रव्य कमी असतं, आणि ते कमी असलं तर पेंड जनावरांना चालवता येईल. इथे पैदासकाराने लक्षात ठेवायची गोष्ट अशी की बियातलं या विषाचं प्रमाण आईच्या जनुकांवर ठरतं. विषारी झाडावर बिनविषारी झाडाचा पराग टाकून लगेच त्याच फळातलं बी तपासलं तर काहीच बदललेलं दिसणार नाही. ते बी लावून, आलेल्या झाडांचं बी तपासायचं, आणि विषारी-बिनविषारी अशी खरी विभागणी पाहायची तर आणखी एक पिढी थांबायचं. दुसरी वाट म्हणजे बागेत शोभेला लावतात त्या लाल फुलांच्या जत्रोफाशी, जत्रोफा इंटेजेरिमाशी, संकर. आई मोगली एरंड ठेवली तर तो जमतो, उलट केला तर सहसा फसतो. आलेल्या संकराची मोगली एरंडाशी परत परत गाठ घालावी लागते, नाहीतर बी बारीक राहतं.

साध्या एरंडाशी तुलना केली की काय राहून गेलं ते कळतं. एरंड याच कुळातला. गुजरातेत 1968 साली जीसीएच-3 हा व्यापारी संकर वाण आला, तो टीएसपी-10आर या जवळजवळ फक्त मादी फुलं देणाऱ्या पैदास-ओळीवर जेआय-15 चा पराग घेऊन. मादी ओळ हाती होती म्हणून शेतावर बीजोत्पादन जमलं, आणि पीक हंगामी असल्याने पिढ्या भराभर निघाल्या. तिथे लागवड वाणाच्या मागून गेली. (एरंडाचं तेल इंधनाला मात्र कामाचं नाही. रिसिनोलेइक आम्लामुळे ते इतकं घट्ट असतं की त्याचं बायोडिझेलही मानकात बसत नाही, आणि औषध-वंगणाच्या बाजारात त्याला भाव कितीतरी चांगला मिळतो.)

करंजाची गोष्ट उलटी. झाड इथलंच, कोकणातल्या खाड्यांपासून विदर्भातल्या नाल्यांपर्यंत उगवणारं, मधमाश्या आणि भुंग्यांमुळे परपरागीभवन होणारं. म्हणून एका तालुक्यात फिरलं तरी शेंगेचा आकार, बियांचं वजन, तेल, फुलोऱ्याची लांबी यांत भरपूर फरक दिसतो. निवडीला लागतं ते सामान इथे आयतं आहे. नाही ती घाई. बियांपासून आलेलं झाड बी धरायला पाच-सात वर्षं घेतं, फुलापासून पक्व शेंगेपर्यंत दहा-अकरा महिने जातात, आणि एका वर्षी लदलेलं झाड पुढच्या वर्षी हात आखडतं. पीएचडीच्या मुदतीत न बसणारं पीक.

झाड निवडताना पहिली गफलत होते ती एकट्या झाडाच्या मोहात पडण्याची. रस्त्याच्या कडेला मोकळ्यावर उभा असलेला, चारी बाजूंनी ऊन खाणारा, शेजारी गोठ्याचं पाणी मुरणारा करंज लदणारच. त्याचं कौतुक करण्याआधी आसपासची साधारण त्याच वयाची, त्याच मातीतली पाच झाडं मोजायची आणि आपलं झाड त्या पाचांच्या सरासरीहून किती पुढे आहे ते पाहायचं. शेजारी तुलनेला झाडं नसतील तर ते झाड यादीत ठेवावं, पण संशयित म्हणून.

दुसरी गफलत झाडागणिक किलो मोजण्याची. मोठं झाड जास्त बी देतं, त्यात आनुवंशिकतेचा भाग कमी आणि वयाचा जास्त. उत्पादन घेराच्या, म्हणजे फांद्यांच्या पसाऱ्याच्या, क्षेत्रफळाने भागायचं. दुपारी बाराच्या सुमारास सावलीचा किंवा फांद्यांच्या टोकांचा व्यास पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर असा दोनदा मोजायचा आणि सरासरी घ्यायची. व्यास 8 मीटर आला तर क्षेत्रफळ सुमारे 50 चौरस मीटर. बी 30 किलो निघालं तर चौरस मीटरला 600 ग्रॅम. शेजारचं झाड 5 मीटर व्यासाचं, म्हणजे सुमारे 19.6 चौरस मीटर, आणि बी 15 किलो, तर तिथे चौरस मीटरला 760 ग्रॅमच्या वर. किलोत ते निम्मं, पण निवडायचं तेच. हेक्टरी जागा मर्यादित असते, झाडाची संख्या वाढवता येते. हे मोजमाप किमान तीन हंगाम चालवायचं. एकाच वर्षाच्या आकड्यावर निवडलेल्या झाडांत हमखास त्या वर्षी लदण्याची ‘पाळी’ असलेली झाडं जास्त येतात.

करंजाची शेंग वाळून फुटत नाही, झाडावर टिकते, हा मोजणाऱ्यावर मोठाच उपकार. जत्रोफाचा घोस एका वेळी हिरवा, पिवळा आणि काळा असतो, आठ-दहा वेळा वेचणी करावी लागते. करंज फेब्रुवारी ते एप्रिलदरम्यान खाली ताडपत्री अंथरून काठीने झोडला की एकदोन वेळांत काम होतं. मात्र वळवाच्या आधी. भिजलेल्या शेंगांचं बी तेलाच्या आम्लतेत लगेच जाणवतं.

तेलाच्या टक्केवारीवर थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यांत जास्त फसवणूक इथे होते, आणि बहुतेक वेळा नकळत. नमुना घेताना घेराच्या चारी बाजूंनी, खालच्या-मधल्या-वरच्या फांद्यांवरून शेंगा घ्यायच्या आणि एकत्र करून त्यातून अर्धा किलो बी काढायचं. हाताला लागलेल्या खालच्या फांदीच्या दहा शेंगा म्हणजे झाडाचा नमुना नव्हे. मग आर्द्रता. एका प्रयोगशाळेने एका झाडाच्या 12 टक्के आर्द्रतेच्या बियांत 35 टक्के तेल सांगितलं आणि दुसरीने दुसऱ्या झाडाला कोरड्या वजनावर 38 टक्के, तर पहिलं झाड सरस आहे: 35 ला 0.88 ने भागलं की 39.8 येतात. म्हणून अहवालात ‘कोरड्या वजनावर’ हे शब्द नसतील तर तो आकडा तुलनेला घेऊ नये. आर्द्रतेसाठी बी ठेचून 105 अंशांवर, वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचं.

सॉक्सलेटमध्ये, म्हणजे द्रावकाने तेल काढायच्या काचेच्या उपकरणात, दळलेलं बी 5 ते 10 ग्रॅम, हेक्झेन किंवा पेट्रोलियम इथर, आणि सहा ते आठ तास. टक्का कमी येण्याचं नेहमीचं कारण जाड दळण. उलट मिक्सर सलग फिरवला तर बी गरम होऊन तेल भांड्याला चिकटतं आणि तेवढं हिशेबातून जातं. थांबत-थांबत दळावं, तेच पीठ एकदा काढून पुन्हा दळून दुसऱ्यांदा लावावं, आणि दुसऱ्या वेळी अर्ध्या टक्क्याहून जास्त तेल आलं तर आधीचे सगळे आकडे संशयास्पद धरावेत. एनएमआर यंत्र (चुंबकीय क्षेत्रात बी ठेवून तेल मोजणारं) असेल तर बी न फोडता मिनिटभरात उत्तर मिळतं आणि तेच बी पेरताही येतं. त्या यंत्राला करंजाच्याच तेलाने जुळवून घेतलेलं असावं आणि बी आधी चांगलं वाळलेलं असावं, नाहीतर ते पाण्यालाही तेल समजतं.

आणि एवढं करूनही तेलाच्या टक्क्याला फार भुलू नये. एका झाडाला 25 किलो बी, तेल 38 टक्के: 9.5 किलो तेल. दुसऱ्याला 40 किलो बी, तेल 31 टक्के: 12.4 किलो. टक्केवारी मोजायला सोपी, आनुवंशिकता बऱ्यापैकी असलेली, प्रबंधात छान दिसणारी, म्हणून तिच्यावर ढिगाने काम होतं. उत्पादन मोजायला तीन वर्षं घाम गाळावा लागतो, म्हणून त्यावर कमी. माझ्या मते आधी उत्पादनाची चाळणी लावावी, त्यातून वाचलेल्यांत तेल पाहावं.

फुलोराही मोजायचा. करंजाच्या शंभर फुलांमागे शेंगा बोटांवर मोजण्याइतक्याच धरतात. शेंगेत बीजांडं दोन असतात, पण बहुधा एकच बी पोसतं आणि दुसरं अगदी लहानपणी मरतं. दोन बियांच्या शेंगांचं प्रमाण झाडागणिक बदलतं, ते नोंदवावं, पण सोबत बियांचं एकूण वजनही लिहावं. दोन बारीक बिया एका भरलेल्या बीपेक्षा जड नसतील तर त्याचा उपयोग शून्य. आणि गाठी. पानांवर पिशव्यांसारखे फोड येतात ते कोळी या सूक्ष्म किडीचे, दिसायला भयंकर पण सहसा झाड सोसतं. कळ्या फुगून त्यांच्या गोल गाठी होतात त्या एका बारीक माशीच्या, आणि त्या कळीची शेंग कधीच होत नाही. तेव्हा कीड नोंदताना पानांकडे कमी आणि कळ्यांकडे जास्त पाहावं. दहा फुलोऱ्यांवरच्या गाठी मोजून सरासरी लिहिली तरी पुरते. शेजारची झाडं गाठींनी भरलेली आणि मधलं एक स्वच्छ, असं सलग दोन वर्षं दिसलं तर ते झाड बाकी गुणांत थोडं मागे असलं तरी जपून ठेवावं, पुढे संकरासाठी लागेल.

इंधनाच्या दृष्टीने तेलाचा दर्जा हा पैदाशीचा पहिला मुद्दा नाही, असं म्हटलं की काहींना पटत नाही. करंजाच्या तेलात ओलेइक आम्ल साधारण निम्मं असतं, आयोडीन मूल्य (तेलाच्या असंपृक्ततेचं माप) युरोपीय मानकाच्या 120 या मर्यादेच्या बरंच खाली. म्हणजे निसर्गाने दर्जा बऱ्यापैकी दिलेला आहे. थोडी अडचण बेहेनिक आम्लासारख्या लांब साखळीच्या संपृक्त आम्लांची आहे, त्यांच्यामुळे थंडीत इंधन लवकर गढूळ होतं. आपल्याकडे नाशिक-निफाडची थंडी सोडली तर त्याचा त्रास थोडा. खरा त्रास मुक्त मेदाम्लांचा, म्हणजे तेल खराब होताना सुटणाऱ्या आम्लांचा, आणि तो वाणापेक्षा हाताळणीचा. ती मोजायची अशी: 5 ग्रॅम तेल, तटस्थ केलेलं अल्कोहोल, फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब आणि 0.1 नॉर्मल पोटॅशियम हायड्रॉक्साइड. गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकेपर्यंत 7.1 मिलिलिटर लागलं तर आम्ल मूल्य 56.1 × 7.1 × 0.1 ÷ 5, म्हणजे जवळपास 8, आणि मुक्त मेदाम्लं त्याच्या निम्मी, 4 टक्के. दोन टक्क्यांच्या वर गेलं की बायोडिझेल करताना थेट अल्कली घालून चालत नाही, साबण होतो आणि ग्लिसरीन वेगळं होत नाही. आधी सल्फ्युरिक आम्लाने एस्टरीकरण करावं, म्हणजे ती आम्लं एस्टरमध्ये बदलावी लागतात, खर्च वाढतो. म्हणूनच दोन झाडांच्या तेलाची आम्लता ताज्या, सारख्याच दिवशी काढलेल्या बियांवरच ताडून पाहावी. एकाचं बी जूनपर्यंत गोणीत पडलेलं आणि दुसऱ्याचं मार्चमधलं, तर तो फरक गोणीचा.

आता निवडलेल्या झाडाचं काय करायचं. त्याचं बी लावलं तर आई ठाऊक, बाप अज्ञात. हापूसची कोय लावून हापूसची आशा धरण्यातलाच प्रकार. निवडीतला फायदा जसाच्या तसा हवा असेल तर कलमच. करंजाला पाचर कलम चांगलं साधतं. खुंटासाठी ताजं बी चोवीस तास भिजवून, माती-वाळू-शेणखताच्या समभाग मिश्रणात दीड-दोन सेंटिमीटर खोल लावायचं. जुनं बी टाळावं, उगवण झपाट्याने पडते. रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की खुंट तयार. कलमकाडी घेराच्या वरच्या, उन्हातल्या, गेल्या वर्षी फुललेल्या फांदीची, 12 ते 15 सेंटिमीटर, तीन-चार डोळ्यांची. पानगळ होऊन नवी पालवी फुटण्याच्या आधी, डोळे फुगलेले पण न उघडलेले असताना ती घ्यायची. पानं असतील तर आठ-दहा दिवस आधी झाडावरच देठ ठेवून कापायची.

खुंट 15-20 सेंटिमीटरवर छाटून मधोमध तीन-चार सेंटिमीटर चिरायचा, काडीला तेवढीच पाचर द्यायची, ती एकाच कापात, कारण चाकू दोनदा फिरला की पृष्ठभाग लहरी होतो आणि मध्ये हवा राहते. काडी बारीक असेल तर मध्यभागी न बसवता एका बाजूची साल सालीला भिडवायची. प्लास्टिक पट्टीने खालून वर घट्ट बांधायचं, वरून लांब पिशवीची टोपी. तीन-चार आठवड्यांत फुटवा दिसतो. टोपी एकदम न काढता आधी तिचं टोक फाडायचं.

फसतं कुठे? बुंध्यापासून किंवा मुळांवरून आलेला जोमदार सरळ धुमारा काडी म्हणून घेतला तर कलम लागतं छान, पण वयाने ते रोपच राहतं, फुलायला रोपाइतकीच वर्षं घेतं. खुंटाची फूट वेळच्या वेळी न काढल्याने वरची काडी मरते आणि खालचा खुंट ऐटीत वाढतो. दोन वर्षांनी ‘निवडक वाण’ म्हणून शेतात उभी असलेली चार-दोन झाडं अशी निघतातच. शाईची लेबलं एका उन्हाळ्यात कोरी होतात. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्याने क्रमांक कोरावा आणि शेताचा नकाशा वहीत वेगळा ठेवावा.

कलमं झाली की चाचणी. दहा-पंधरा निवडी, सोबत एक साधं बियांचं रोप तुलनेसाठी, तीन पुनरावृत्ती, प्रत्येक वाफ्यात चार ते सहा झाडं, अंतर 5 × 5 मीटर, म्हणजे हेक्टरी 400, आणि भोवती एक रांग नुसती कडेची. एकाच जागी केलेली चाचणी अर्धवट. भारी काळ्या जमिनीत पहिला आलेला क्लोन (एकाच झाडाची सगळी कलमं) मुरमात पाचवा येऊ शकतो, आणि लागवड बहुधा मुरमातच होणार असते. फ्लोरिडात संत्र्याच्या रोगाने गेलेल्या बागांच्या जागी निवडक करंजाची कलमं लावण्याचं काम टेरविवा या कंपनीने केलं, कर्नाटकात हासनजवळच्या मडेनूरला बंगळूरच्या कृषी विद्यापीठाचं जैवइंधन उद्यान आहे. तिथले आकडे वाचावेत, पण माती-पाणी पाहून.

हेक्टरी हिशेब करताना पेन्सिल जपून चालवावी. 400 झाडं, झाडाला 9 किलो बी, तर 3,600 किलो. गावातल्या एक्सपेलरवर 26 टक्के उतारा धरला, कारण सॉक्सलेटचे 35 टक्के घाण्यात कधीच येत नाहीत, तर 936 किलो, म्हणजे साधारण 1,000 लिटर तेल. यातला प्रत्येक आकडा ‘जर’ वर उभा आहे, आणि सगळ्यांत मोठा ‘जर’ त्या 9 किलोंचा. बाकी 2,600 किलोंहून जास्त पेंड राहते, तिला खत म्हणून गिऱ्हाईक आहे, करंजिन या द्रव्यामुळे वाळवीही तिच्यापासून लांब राहते. गुरांना मात्र ती तशीच घालू नये.

शेवटी लागवडीबद्दल: सर्वांत चांगला ठरलेला एकच क्लोन सगळ्या शेतात लावण्याचा मोह होतो. करंजाला परागासाठी वेगळं झाड लागतं आणि एकाच क्लोनचं शेत म्हणजे एकच झाड चारशे जागी. किमान आठ-दहा क्लोन, एकाच सुमारास फुलणारे, आळीपाळीने लावावेत. फुलण्याच्या तारखा म्हणूनच चाचणीच्या वहीत पहिल्या वर्षापासून असाव्यात. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपणारा आणि मेमध्ये सुरू होणारा क्लोन एकमेकांशेजारी लावून उपयोग नाही.